न दुखणारा पाय आणि मऊ सेन्सर

चपलेत बारीक खडा गेला की आपण चार पावलेही पुढे जात नाही. थांबतो, चप्पल झटकतो, निघतो. पाय सांगतो आणि आपण ऐकतो. सांडोरला आमच्या ओळखीच्या एका घरात मात्र पायाने सांगणेच बंद केले होते. मधुमेह जुना झालेल्या दादींनी फजरपासून जोहरपर्यंत घरातली सगळी कामे उरकली, वाडीत जाऊन केळीची पानेही कापून आणली. नातीने फरशीवर लाल ठसे पाहिले तेव्हा कळले, की चपलेचा तळ भेदून आलेला बारीक खिळा त्यांच्या टाचेत रुतून बसला आहे. "दुखत नाही ना, मग ठीक आहे," असे घरातल्या दोघातिघांनी म्हटले. डॉक्टरांनी नेमके हेच वाक्य ऐकून कपाळाला हात लावला.

मधुमेह आपल्या देशात किती पसरला आहे ते भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली समोर आले: सुमारे १० कोटी १० लाख लोक. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की मज्जातंतू झिजू लागतात, आणि सर्वांत लांब असलेले तंतू आधी झिजतात. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. आधी मुंग्या, कधी तळव्यांची आग, मग हळूहळू बधिरपणा. ज्याला तो येतो त्यालाही कित्येकदा पत्ता नसतो. तो ओळखायची तपासणी मात्र अगदी साधी आहे. नायलॉनचा जाडसर केसासारखा धागा असतो. तळव्यावर टेकवून दाबला की १० ग्रॅम भाराला तो वाकतो. डोळे मिटून बसलेल्या माणसाला तो टेकल्याचे कळले नाही, तर त्या पायाचा पहारेकरी झोपला आहे असे समजावे. दोन मिनिटांचे काम, पण साखर तपासायला नियमाने जाणारी किती तरी माणसे ही तपासणी एकदाही न करता घरी येतात.

या महिन्यात आम्ही ज्या विषयावर लिहीत आहोत तो ऐकायला फार दूरचा वाटेल: कातडीसारखे वाकणारे, ताणले जाणारे, स्पर्श ओळखणारे मऊ इलेक्ट्रॉनिक सेन्सर, आणि त्यांना दिले जाणारे लांबी-रुंदी-उंचीचे आकार. पण त्याचा धागा अशाच एखाद्या टाचेपाशी सुरू होतो.

डॉ. पॉल ब्रँड हे इंग्रज मिशनरी कुटुंबातले शल्यचिकित्सक. जन्म १९१४ साली तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात, आणि १९४६ पासून काम वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. कुष्ठरोगात बोटे सडून झडतात, असा त्या वेळी सर्वत्र समज होता. आपल्याकडे बाबा आमटे वरोऱ्याजवळ आनंदवन उभारू लागले तोही हाच काळ. ब्रँड यांनी जवळून पाहिले तेव्हा चित्र वेगळे निघाले. रोग नसा मारत होता. बोटे जात होती ती त्यानंतरच्या जखमांनी. एकदा त्यांना स्वतःला न उघडलेले गंजके कुलूप एका अशक्त मुलाने किल्ली फिरवून सहज उघडले. नंतर पाहतात तर त्याचे बोट हाडापर्यंत कापले गेले होते, आणि मुलाला त्याची खबर नव्हती. काही रुग्णांची बोटे रात्रीत नाहीशी होत. पाळत ठेवली तेव्हा उंदीर कुरतडताना दिसले. मग घरी जाणाऱ्या रुग्णासोबत एक मांजर द्यायची पद्धत पडली. आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. पालघर जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात अजून रुग्ण सापडतात, त्यांनाही ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पण उशीर झाला असेल तर गेलेली संवेदना बहुधा परतत नाही. मधुमेहाच्या पायाचे दुखणे या बाबतीत त्याचेच भावंड आहे.

पुढे ब्रँड अमेरिकेत लुईझियानातल्या कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तिथे १९७० च्या दशकात त्यांनी आणि काही अभियंत्यांनी मिळून एक धाडसी प्रयोग केला: दुखणे कृत्रिमरीत्या तयार करायचे. हातमोज्यात आणि पायमोज्यात दाब मोजणारे सेन्सर बसवले. दाब धोक्याच्या वर गेला की कानात आवाज व्हायचा. रुग्णांनी आवाजाकडे दुर्लक्ष केले. दिवे लावून पाहिले, तेही कुणी मनावर घेतले नाहीत. शेवटी काखेत, जिथे संवेदना शाबूत होती तिथे, विजेचा हलका झटका द्यायची सोय केली. तर माणसे अवघड काम करण्यापुरते यंत्र बंद करायची, काम झाले की चालू करायची! आम्हाला हा भाग वाचून आधी हसू आले, मग वाटले की आपणही काही वेगळे केले नसते. पण त्या प्रयोगाचा दुसरा अडथळा माणसाच्या स्वभावाचा नव्हता. सेन्सर धातूचे होते, आणि काहीशे वेळा वापरले की ते वाकून वाकून थकत, घामाने गंजत आणि निकामी होत.

लहान मुले लोखंडी तार इकडेतिकडे वाकवून तोडतात, तसलाच हा प्रकार. आपली कातडी सुमारे ३० टक्के ताणली तरी पूर्ववत होते. गुडघ्यावर आणि कोपरावर तिला हे दिवसभर करावे लागते. मोबाईल आणि संगणक ज्याने चालतात ते सिलिकॉन साधारण एक टक्का ताणले की तडकते. कडकपणाची तुलना केली तर सिलिकॉन कातडीच्या लाखपटीने कडक. असा तुकडा तळव्याखाली ठेवला तर एक तर तो तुटेल किंवा पायालाच जखम करील. मग मऊ आणि तरीही वीज वाहणारी वस्तू आणायची कुठून?

याचे उत्तर बरेचसे आकारात सापडले, आणि तो आकार वसईकरांना अनोळखी नाही. पाचूबंदरला कोळी बांधव जाळी विणत बसलेले असतात. त्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा हातात घेऊन ओढा, तो फारसा ताणला जात नाही. तेच जाळे दोन्ही बाजूंनी ओढा, हातभर रुंद होते. दोरा तोच आहे, फक्त चौकोनांची तोंडे कमीजास्त उघडली. ईद-ए-मिलादला, नाताळला, दिवाळीला मुले कागदाची झालर करतात तिचेही तेच. कागदाला घड्या घालायच्या, कात्रीने एकदा या काठाकडून, एकदा त्या काठाकडून चिरा द्यायच्या, उलगडून अलगद ओढायचे. जो कागद एरवी जरा ताणला तरी फाटतो तो लोंबत्या जाळीसारखा खाली उतरतो. जपानी लोक या कापकामाला किरिगामी म्हणतात. आज जगभरच्या प्रयोगशाळांत धातूच्या पातळ पत्र्याला नेमक्या अशाच चिरा देऊन ताणले जाणारे सेन्सर बनवले जातात.

दुसरी युक्ती शिवणयंत्र चालवणाऱ्या बहिणींना चटकन समजेल. फ्रॉकच्या कमरेला इलॅस्टिक लावताना आपण ते आधी ताणतो, ताणलेल्या स्थितीत कापडावर शिवतो, मग सोडतो. इलॅस्टिक आखडते आणि कापडाला चुण्या पडतात. आता कमर ताणली तरी कापडावर ताण येत नाही, चुण्या उलगडतात इतकेच. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली सिलिकॉनच्या अतिशय पातळ पट्ट्यांचे हेच केले. ताणलेल्या रबरावर पट्ट्या चिकटवल्या, रबर सोडले, आणि सिलिकॉनला सुबक लाटा पडल्या. २०११ साली याच दिशेने जाऊन त्यांनी कातडीवर टॅटूसारखे चिकटणारे इलेक्ट्रॉनिक्स दाखवले.

मग २०१५ साली त्याच गटाने एक पाऊल पुढे टाकले. पट्टी रबराला सर्वत्र न चिकटवता ठरावीक टाचण्यांपुरतीच चिकटवली. रबर आखडल्यावर मधला मोकळा भाग वर उचलला गेला. चपट्या जाळीची कमान झाली, पिंजरा झाला, फुलासारखी आकृती झाली. उघडल्यावर मशीद उभी राहते अशी ईदची कार्डे मिळतात ना, तसे. फक्त इथे आकार धुळीच्या कणाएवढ्या मापाचे. चाळीसहून अधिक निरनिराळे आकार त्यांनी एकाच निबंधात मांडले. सपाट सर्किट छापायचे तंत्र जगात आधीच पक्के आहे. सपाट छापून नंतर उभे करायचे, ही त्यातली खरी चतुराई.

उभ्या आकाराची गरज का, असा प्रश्न इथे कुणी विचारील. त्याला कारण आहे. भरीव रबराचा तुकडा दाबला तर तो सहसा दबत नाही, कारण दबून जायचे कुठे? त्यातच पोकळी ठेवली, टोके ठेवली, तर थोड्या भारानेही आकार बदलतो, आणि तो बदल विजेच्या मापात पकडता येतो. स्टॅनफर्डच्या झेनान बाओ यांच्या प्रयोगशाळेने २०१० साली रबराच्या थरावर डोळ्यांना न दिसणाऱ्या पिरॅमिडांच्या रांगा उमटवल्या, तेव्हा माशी बसल्याचा भारही त्या थराला कळला. आपल्याकडच्या कुष्ठरोग आणि मधुमेहाच्या रुग्णांना दिली जाणारी एमसीआर रबराची चप्पल आठवा. तिचा तळ म्हणजे बारीक बारीक हवेच्या पोकळ्या असलेले रबर, आणि अशा रबराची पादत्राणे रुग्णांच्या पायात घालण्यात वेल्लोरच्याच मंडळींचा मोठा वाटा होता. ती चप्पल दाब मोजत नाही, तो वाटून टाकते. काम वेगळे, पण तत्त्व एकच: मऊपणा पोकळीतून येतो.

यातला अलीकडचा आणि आम्हाला सर्वांत आवडलेला प्रयोग चीनच्या छिंग्ह्वा विद्यापीठातला आहे. प्रा. यीहुई झांग यांच्या गटाने तो मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या कातडीत स्पर्श ओळखणाऱ्या पेशी एका पातळीवर नसतात. दाब ओळखणाऱ्या मर्केल पेशी वरच्या बाजूला, आणि कातडी ताणली गेल्याचे सांगणारी रुफिनी टोके खोलवर. आपल्याला बोटाने दाबणे आणि बोट ओढणे यातला फरक कळतो तो यामुळे. सपाट सेन्सरचा इथेच घोटाळा होतो. दाबले काय आणि ओढले काय, त्याला दोन्ही सारखेच भासते. झांग यांच्या कृत्रिम कातडीत वर आठ हातांचे छोटे पिंजरे आहेत, ते दाब घेतात. खाली कमानी आहेत, त्या ताण घेतात. तर्जनीच्या टोकाएवढ्या जागेत २४० सेन्सर. तो तुकडा बोटासारखा वापरून त्यांनी पावाचा ताजेपणा आणि फळाचा मऊपणा ओळखून दाखवला. बेकरीत अंगठ्याने पाव दाबून ताजा निवडणाऱ्या आपल्या घरातल्या बायांना यात नवल वाटणार नाही. पण जे काम आपण न कळत करतो, ते यंत्राकडून करून घ्यायला कातडीची आतली बांधणीच उचलावी लागली, हे मात्र नवलाचेच.

अशा बातम्या वाचून हे सारे कोट्यवधींच्या यंत्रांचे काम आहे असा समज होतो. सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विद्यापीठात बांगलादेशात जन्मलेले प्रा. मुहम्मद मुस्तफा हुसेन यांनी २०१६ साली तो समज मोडायचे ठरवले. त्यांच्या गटाने कृत्रिम कातडी बनवली ती घरातल्या वस्तूंपासून: चिकटणारे चिठ्ठीचे कागद, ॲल्युमिनियमची फॉइल, टिश्यू पेपर, भांडी घासायचा स्पंज, पेन्सिल. कागद ओल शोषतो, म्हणून तो दमटपणा सांगतो. स्पंज दोन फॉइलच्या मधे ठेवला की दाबाबरोबर फॉइल जवळ येतात आणि विजेचे माप बदलते. नववी-दहावीतल्या मुलांना विज्ञान प्रदर्शनासाठी याहून चांगला विषय आम्हाला सुचत नाही. दोन फॉइल, मध्ये स्पंज, आणि कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर. हात ठेवला की आकडा हलताना दिसतो.

आपल्या जवळ पाहायचे तर पवई आहे. तिथल्या आयआयटी मुंबईत धातुकी आणि पदार्थविज्ञान विभागात प्रा. दीप्ती गुप्ता यांची प्रयोगशाळा वाकणाऱ्या, प्लॅस्टिकवर घडवलेल्या इलेक्ट्रॉनिक्सवर आणि दाब ओळखणाऱ्या मऊ सेन्सरवर काम करते. वसईहून लोकल धरून मुंबईला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींपैकी कुणाला रसायन आवडत असेल, कुणाला भौतिक, कुणाला शिवणकामच आवडत असेल, तर या एका विषयात तिन्ही गोष्टी एकत्र येतात. भरतकाम येणाऱ्या हाताला इथे कमी लेखले जात नाही. वीज वाहणाऱ्या धाग्याने शिवलेले सेन्सर हे याच शास्त्राचे एक वेगळे अंग झाले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. यातले पायापर्यंत काय पोहोचले? इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी पूर्वी एकदा तळव्याला व्रण होऊन गेलेल्या मधुमेहींवर १८ महिन्यांची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. बुटातल्या तळात दाबाचे सेन्सर, मनगटावर घड्याळ. एखाद्या जागी दाब फार वेळ राहिला की घड्याळ इशारा द्यायचे, मग माणसाने थोडे चालायचे किंवा पाय मोकळा करायचा. ज्यांना इशारा मिळत होता त्यांच्यात नवे व्रण ७१ टक्क्यांनी कमी झाले. चाचणी लहान होती, ५८ रुग्णांची, तरी आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ब्रँड यांच्या रुग्णांनी ज्याकडे पाठ फिरवली तोच इशारा इथे लोकांनी ऐकला. आमच्या मते याचे एक कारण हे की तो झटका नव्हता, आणि काय करायचे तेही सोबत सांगत होता.

तरी आपल्या बाजारात असा तळ स्वस्तात मिळायला वेळ आहे, आणि त्यामागे नुसता पैशाचा प्रश्न नाही. मऊ वस्तू दबून बसते. जुन्या गादीत खड्डा पडतो तसे स्पंजाचे होते. दोन महिन्यांनी तोच दाब वेगळा आकडा दाखवू लागतो. घाम शिरला की माप बिघडते. वातानुकूलित प्रयोगशाळेत हजारो वेळा दाबून पाहिलेला सेन्सर जुलैतल्या वसईच्या पावसात, ओल्या रबरी चपलेत किती टिकतो, ही परीक्षा अवघड आहे. शिवाय हे तळ बुटांसाठी बनतात, आणि आपली माणसे घरात, वाडीत, मशिदीत बूट घालत नाहीत. अनवाणी पायाचा विचार करणारा सेन्सर अनवाणी माणसांच्याच देशात घडावा लागेल.

एक मऊ सेन्सर मात्र आपल्या काही घरांत येऊनही पोहोचला आहे: दंडाला चिकटवायचा, चौदा दिवस साखर सांगत राहणारा. त्यातला कातडीखाली जाणारा भाग केसासारखा बारीक आणि वाकणारा असतो. रमजानमध्ये रोजे धरावेत की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवणाऱ्या मधुमेहींना त्याचा उपयोग होतो. त्यावर वजूचा प्रश्न आम्हाला विचारला जातो. हा सेन्सर दंडाच्या मागे, कोपराच्या वर बसतो, म्हणजे वजूत धुवायच्या भागाबाहेर. गुस्लबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. सेन्सर पाण्यात चालतो, पण मुदतीआधी काढला तर तो पुन्हा लावता येत नाही, हे त्यांना सांगून विचारावे.

पायासाठी मात्र आज घरातल्याच डोळ्यांवर आणि हातांवर भिस्त आहे. वजूत पायाच्या बोटांमध्ये करंगळी फिरवून खिलाल करतो, तेव्हाच बोटांची बेचकी पाहून घ्यावी: भेग, पांढरी पडलेली कातडी, फोड. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा, किंवा नातवंडांना पाहायला सांगावे. थंडीत वजूचे गरम पाणी ज्याचा पाय बधिर आहे त्याने स्वतःच्या पायाने अजमावू नये, कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने अजमावावे. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. नमाजच्या बैठकीत घोट्याच्या बाहेरच्या हाडावर आणि पायाच्या वरच्या बाजूवर बराच भार येतो, तिथे घट्टे पडतात. मधुमेही वडीलधाऱ्यांसाठी जानमाजखाली मऊ घडी घालावी, आणि घट्टा दिसला तर घरी ब्लेडने कापू नये. हज-उमऱ्याला जाणाऱ्यांना खास सांगायचे: तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून तळवे भाजलेल्या यात्रेकरूंमध्ये मधुमेही असल्याची नोंद तिथल्या डॉक्टरांनी वेळोवेळी केली आहे. चपला दाराशी सोडू नयेत, पिशवीत घालून जवळ ठेवाव्यात.

एका पायाचा एखादा भाग दुसऱ्या पायाच्या त्याच भागापेक्षा गरम लागत असेल, तर जखम वर दिसण्याआधीच आत काही सुरू झाले असण्याची शक्यता असते. डॉक्टर यासाठी २.२ अंश सेल्सिअसचा फरक धरतात, आणि परदेशात यावर चालणारे मोजेही निघाले आहेत. हाताच्या पाठीने रोज दोन्ही तळवे चाचपणाऱ्या माणसालाही मोठा फरक लक्षात येतो. तसा तो आला तर त्या पायावर भार टाकणे थांबवून डॉक्टरांकडे जावे. पायांना तेल किंवा मलम रोज लावले तरी चालते, पण बोटांच्या बेचक्यात लावू नये. तिथे ओल साठते.